दामासोच्या भिंती

१

साडेचार हजार मीटर उंचीवर माणूस दहा पावलं चालला की त्याला आपलं लग्न, आपली नोकरी आणि आपला देव, तिन्ही एकदम आठवतात. अशा वेळी त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. मी दगड देतो.

गेली अकरा वर्षं मी पाहुण्यांना डोंगर दाखवतो आणि माझी सकाळ अशीच जाते. सातला आमच्या उमाकोटा गावच्या चौकात ड्रायव्हर वाल्दो गाडी लावतो आणि काच पुसता पुसता मला शिव्या घालतो. मग एकेका घरातून पाहुणे बाहेर येतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्या बायकांचे झगे आणि टोप्या चढवून नाच केलेला असतो, बटाट्याचं सूप आणि अल्पाका या आमच्या लोकरीच्या जनावराचं मटण खाल्लेलं असतं, आणि विरळ हवेत झोप न लागल्यामुळे सगळ्यांचे चेहरे सुजलेले असतात. गाडी वर निघते. अर्ध्या वाटेवर एउफ्रासियाच्या टपरीत कोकाच्या पानांचा चहा, पुढे माळावर विकुन्यांचे, म्हणजे अल्पाकाच्या रानटी भाऊबंदांचे, फोटो, दहाच्या सुमारास यानाकासाची खिंड, आणि तिथून पलीकडे कंडोरांच्या कड्याकडे. कंडोर म्हणजे गिधाडच. पण गिधाड म्हटलं तर कोण एवढ्या लांब येणार?

खिंडीत आम्ही दहा मिनिटं थांबतो. तिथे दगडांचे लहानमोठे ढीग आहेत, शेकडो. रीत जुनी आहे. वाटसरूने खालून एक दगड हातात घेऊन चढायचं, वर तो ठेवायचा, आपला शीण त्याच्याबरोबर तिथेच सोडायचा आणि मोकळ्या पाठीने पलीकडे उतरायचं. दगड आपला आपण वाहायचा असतो, त्यातच सगळं आलं. पण गाडीतून चढणाऱ्याला कसला शीण आणि कुठला दगड? खिंडीतले सुटे दगड आधीच्या पाहुण्यांनी केव्हाच वापरून टाकलेले. लोक हात हलवत उभे राहायचे आणि मग दुसऱ्याच्या ढिगातला दगड उचलून आपला म्हणून ठेवायचे. मला ते बरं वाटेना. म्हणून मी खालूनच पोत्यात वीसेक दगड भरून न्यायला लागलो. उतरताना प्रत्येकाच्या हातात एक. म्हाताऱ्या बायका खूश, फोटो छान, आणि माझं नाव पडलं दगडवाला नासारिओ.

आई एकदा म्हणाली होती, "दुसऱ्याने हातात दिलेला दगड ठेवू नये रे. कुणाचा शीण कुणाच्या नावावर चढायचा."

मी हसलो होतो. शीण काय टपालाने जातो?

दगड नदीवरून आणतो असं मी सगळ्यांना सांगायचो. नदी लांब आहे. दगड मी माझ्या भावाच्या घराचे आणत होतो.

२

दामासो माझा धाकटा भाऊ. आमच्या घरामागे वीस पावलांवर त्याने स्वतःचं घर बांधायला घेतलं होतं. चारी भिंती उभ्या राहिल्या, चुलीची जागा झाली, भिंतीत रेडिओसाठी कोनाडाही झाला. छप्पर तेवढं राहिलं. आमच्याकडे छप्पर एकट्याने घालत नाहीत. भिंती झाल्या की घरमालक निरोप पाठवतो, मग आप्त येतात, कोणी गवत आणतं, कोणी दोर, कोणी सुपाचं भांडं, आणि एका दिवसात छप्पर चढतं. सगळ्यात वर लहानसा लाकडी क्रूस बसवतात, तो आईने आणायचा. तोवर त्याला कोणी घर म्हणत नाही.

ते छप्पर चढलंच नाही, कारण सहा वर्षांपूर्वी दामासो नाहीसा झाला. मी आईला सांगितलं की तो किनाऱ्याकडे शेतमजुरीला गेला, घाईत होता, मला गाडीपाशी भेटून गेला. आईने मान हलवली. तेव्हापासून ती त्या भिंतींना कुणाला हात लावू देत नाही. "येईल तेव्हा छप्पर घालू," म्हणते. पूर्वी दर रविवारी स्वतः जाऊन आतली जमीन झाडायची. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, म्हणून झाडायला मी जातो. झाडतो आणि येताना पोतं भरून आणतो. आधी वरचा एक थर गेला, मग त्याखालचा. आई विचारते, "भिंती बऱ्या आहेत ना?" मी म्हणतो, "जशाच्या तशा."

आता खरं काय ते सांगतो. माझ्याशिवाय ते फक्त वाल्दोला ठाऊक आहे. त्या दिवशी सकाळी दामासो आमचे अल्पाका बघायला वर गेला होता. दुपारी आम्ही कड्यावरून परतत होतो आणि खिंडीत गारांचा मारा सुरू झाला. काचेतून पुढचं काही दिसेना. गाडीत सतरा जागा आणि सतरा माणसं. दोघांना ओकाऱ्या होत होत्या, एका बाईचे ओठ निळे पडले होते. रस्त्याच्या कडेला एक माणूस दोन्ही हात हलवत उभा होता. डोक्याला लाल कानटोपी. ती आईने विणली होती, शंभर टोप्यांत मी ती ओळखली असती.

वाल्दोने विचारलं, "थांबू?"

मी म्हणालो, "जागा नाही. मागून दुसरी गाडी येतेय, ती घेईल."

मागून गाडी आली नाही, रस्ताच बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी मी एकटा वर गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. काही सापडलं नाही.

जागा नव्हती हे खरं आहे. पण उभं राहण्यापुरती जागा गाडीत नेहमीच असते, हे मला कुणी सांगायला नको. आईला हे कळलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, या एका भीतीवर मी सहा वर्षं काढली.

३

मे महिन्यात रोखेलिओ नावाचा एक अर्जेंटिनाचा पाहुणा आला. चाळीस वर्षं गवंडीकाम करून निवृत्त झालेला, हातांचे तळवे अजून खरखरीत. खिंडीत सगळे फोटो काढत होते आणि हा गृहस्थ रस्त्यापासून जरा आत, एका ढिगासमोर कमरेवर हात ठेवून उभा.

"हे कोण बांधतंय?" त्याने मला विचारलं.

"तो ढीग आहे, काका. पाहुणे दगड ठेवतात ना, त्याचा."

"ढीग मला कळतो. ढिगाला कोपरा नसतो."

मी जवळ जाऊन पाहिलं. कोपरा होता. एक दगड लांब, एक आखूड, पुन्हा लांब, एकमेकांत गुंतवलेले. सांध्यावर सांधा कुठेच नाही. घडवलेली बाजू सगळीकडे बाहेर. गुडघ्याएवढ्या उंचीची भिंत सरळ गेली होती, वळली होती, पुन्हा वळली होती, आणि पूर्वेला दाराएवढी जागा मोकळी सोडलेली होती.

"चांगला कारागीर आहे," रोखेलिओ म्हणाला. "घाई करत नाही."

मागून वाल्दो आला. "मेंढपाळांनी आडोसा केला असेल, दुसरं काय? तुम्ही गवंडी लोक, काका, भाकरीतसुद्धा ओळंबा लावून बघाल."

रोखेलिओ हसला. मलाही हायसं वाटलं. आडोसा, बरोबर. वाऱ्यासाठी लोक करतात. मग माझं लक्ष पाहुण्यांकडे गेलं. मी दिलेले दगड हातात घेऊन ते इकडेतिकडे रेंगाळत होते, बोलत होते, हसत होते, आणि एकेक करून त्या भिंतीपाशीच येत होते. एका कोरियन मुलीच्या एका हातात फोन होता, ती त्यात बघत होती. दुसऱ्या हाताने तिने दगड भिंतीवर ठेवला, थोडा फिरवला, अजून थोडा फिरवला, आणि तो बसल्यावर सोडला. खाली तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"इथेच का ठेवलात?" मी विचारलं.

ती गोंधळली. "इथे बसतो," म्हणाली.

रोखेलिओने आपला दगड ठेवला नाही. गाडीत चढताना तो त्याने माझ्या हातात परत दिला. म्हणाला, "दुसऱ्याच्या कामात मी हात घालत नाही."

४

त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि समजावणं तसं अवघड नव्हतं. दगड एका घरासाठी घडवलेले होते. एकमेकांसाठी घडवलेले दगड एकमेकांशेजारी नीट बसणारच. लोकांचे हात आपसूक सोयीची जागा शोधतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी पोतं नेत राहिलो. मधेच बंद केलं असतं तर स्वतःशीच काहीतरी कबूल केल्यासारखं झालं असतं.

जूनच्या शेवटी भिंत छातीएवढी झाली आणि आतल्या बाजूला कोनाडा दिसला. मी त्यात हात घातला. दामासोने रेडिओ मापून कोनाडा केला होता, एका बाजूला तारेसाठी बोटभर खाच ठेवून. ती खाच होती.

त्या दिवशी परतताना मी वाल्दोला गाडी थांबवायला लावली, पहार काढली आणि पाहुण्यांना सांगितलं की दरड पडायची भीती आहे, पाच मिनिटं लागतील. दाराच्या जागेतून आत शिरलो. आत वारा नव्हता. बाहेर टोपी उडत होती आणि आत माझा श्वास मला ऐकू येत होता. खालची जमीन झाडलेली होती. खराट्याचे अर्धगोल वळसे एकमेकांना लागून, दारापासून चुलीच्या जागेपर्यंत, जसे आई काढायची तसे. त्यांवर माझ्याच बुटांचे ठसे पडले होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते.

मी पहार घातली. एक अख्खी भिंत पाडली, दुसरी अर्धी. बोटं सोलली. वाल्दो येऊन उभा राहिला. त्याने मदत केली नाही, थट्टाही केली नाही.

"बघतोयस काय?" मी म्हणालो.

"त्या दिवशी मी विचारलं होतं, नासारिओ," तो म्हणाला. सहा वर्षांत त्याने तो विषय पहिल्यांदाच काढला होता. "मी विचारलं होतं, एवढंच म्हणतोय." आणि जाऊन गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही वर पोहोचलो तेव्हा चारी भिंती उभ्या होत्या. कालच्यापेक्षा एक थर जास्त होता. वाल्दोने तिकडे मान वळवली नाही. मी पोत्याला हात लावला नाही आणि पाहुण्यांना सांगितलं की आज वारा फार आहे, दगड नकोत.

५

आठवडाभर मी रिकाम्या हाताने गेलो. घरामागे दामासोच्या भिंतींचे अजून दोन थर शिल्लक होते आणि ते तसेच राहायला हवे होते. हिशेब सोपा होता: दगड वर गेले नाहीत तर भिंत वाढणार नाही.

आठव्या दिवशी खिंडीत पाहुणे उतरले आणि प्रत्येकाच्या हातात दगड होता.

"हे कुठून आणलेत?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"चहाच्या टपरीवर मिळाले," एक जर्मन आजोबा म्हणाले. "मागच्या बाजूला तुमचा माणूस उभा होता ना, त्याने दिले. फार नम्र माणूस."

मी त्यांच्या हातातला दगड घेतला. एका बाजूला छिन्नीचे टवके होते. दगड ओला होता, आणि एवढा गार की तळहाताला चिकटला. सकाळी नऊपासून लख्ख ऊन होतं.

"कसा होता दिसायला?"

"चेहरा नीट नाही बघितला. उन्हाकडे पाठ होती त्याची. डोक्याला लाल टोपी होती." त्यांच्या मागची मुलगी म्हणाली, "त्याला आमच्याबरोबर यायचं होतं बहुतेक. गाडीत जागा आहे का, असं विचारत होता. आम्ही म्हटलं, गाडी भरलीय."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाला, हरकत नाही."

परतताना मी टपरीत गेलो. एउफ्रासिया कप विसळत होती. मागे कोण उभा होता म्हणून विचारलं तर तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "मागे माझी शेळी असते, नासारिओ. तिने दगड वाटले असतील तर मला माहीत नाही." मग हात पुसून जवळ आली. "तुझी तब्येत बरी आहे ना? ओठ बघ कसे झालेत." मी मागे जाऊन पाहिलं. शेळी होती, खुंटाला बांधलेली, दोर ताणून जितकं लांब जाता येईल तितकं लांब उभी. भिंतीलगत कोरड्या मातीत एक ओला डाग होता, दोन पावलं ठेवून कोणी बराच वेळ उभं राहावं एवढा.

दुपारी घरी आलो तो सरळ मागे गेलो. दोन थर नव्हते. पायाचे दगडही नव्हते. चौकोनी ओली माती होती, आणि तिच्यात कोवळं गवत उगवायला लागलं होतं. म्हणजे दगड आज गेले नव्हते. कधी गेले, आणि रविवारी मी नेमकं काय झाडत होतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

६

आई चुलीपाशी बसून गवताचा दोर वळत होती. जाडजूड दोर, हातभर वेटोळं झालेलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी तिची बोटं चुकत नाहीत.

"कशाला गं हे?"

"छप्पर बांधायला." तिने मान वर केली नाही. "भिंती झाल्या ना दामासोच्या."

"कोण म्हणालं?"

"निरोप आला."

"कोणाकडून? किनाऱ्यावरून?"

"किनाऱ्यावरून कशाला येईल?" ती म्हणाली आणि दोराचं टोक दातांत धरून गाठ आवळली. "उद्या गाडीत मला पुढची जागा ठेव. मागे मला मळमळतं."

मी तिच्यापाशी बसलो. म्हटलं, आई, तुला खिंड झेपणार नाही. गुडघे बघ. म्हटलं, वर काही नाही, नुसते ढीग आहेत. पाहुण्यांचा खेळ आहे तो. ती ऐकत राहिली. माझं बोलून झाल्यावर तिने वेटोळं बाजूला ठेवलं आणि माझा हात शोधून आपल्या हातात घेतला.

"नासारिओ, तुला मला काही सांगायचंय का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "काही नाही. उद्या थंडी आहे, घोंगडी घे."

तिने हात सोडला आणि पुन्हा दोर घेतला.

७

सकाळी सातला आई वाल्दोशेजारी बसलेली होती. सणाची टोपी, दोन झगे एकावर एक, मांडीवर फडक्यात बांधलेलं सुपाचं भांडं आणि त्यावर आडवा लाकडी क्रूस. पाहुण्यांना फार कौतुक वाटलं, तिचे फोटो काढले. वाल्दो वाटेत एकच वाक्य बोलला. "मी आज खिंडीत थांबणारच नाही, सांगून ठेवतो."

"थांबशील रे," आई म्हणाली. "तू चांगला माणूस आहेस."

टपरीवर मी कुणाला उतरू दिलं नाही. तरी खिंडीत दार उघडलं तेव्हा प्रत्येकाच्या मांडीवर दगड होता. कुणी कुणाला विचारलं नाही. धुकं एवढं होतं की गाडीच्या पुढच्या चाकापलीकडे काही दिसेना. वाल्दोने इंजिन चालू ठेवलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला.

आई उतरली. माझा हात तिने धरला नाही. जिला अंगणात जायला आधार लागतो ती भांडं डोक्यावर, क्रूस काखेत आणि दोर खांद्यावर घेऊन त्या खडकाळ उतारावर चालत गेली, बाजाराला निघाल्यासारखी. धुक्यात भिंती दिसल्या. माझ्या डोक्याहून उंच. ती दारापाशी वाकली आणि आत गेली.

मी गाडीपाशी उभा होतो. का उभा होतो याचं उत्तर द्यायला मी खूप प्रयत्न केला आहे. मला वाटलं, नुसते दगड आहेत, आत काही नाही हे तिला कळेल आणि ती बाहेर येईल, मग तिचं तिलाच समजेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. एवढा मी भित्रा आहे.

तोवर पाहुणे रांगेने दारापाशी गेले होते. पहिल्याने दगड उंबऱ्यावर ठेवला, फिरवला, बसवला. दुसऱ्याने त्याशेजारी. कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी बोललं नाही. मला कळलं तेव्हा मी धावलो. त्या हवेत धावणं म्हणजे छातीत खिळा ठोकणं. पोहोचलो तेव्हा दार भरलं होतं, वरपर्यंत, आणि पाहुणे हात झटकत परत निघाले होते. एक बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "फार सुंदर प्रथा आहे तुमची."

मी भोवती फिरलो. चारी बाजूंनी भिंत. दुसरं दार नाही, फट नाही. आतून आईचा आवाज येत होता. ती कुणालातरी जेवायला वाढताना बोलते तसं बोलत होती, आणि मधेच हसली. सहा वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

दाराच्या जागी मी नखं घातली. चेहऱ्याच्या उंचीवरचा एक दगड हलला. ओढून काढला आणि त्या भोकाला डोळा लावला.

आत चूल पेटलेली होती. आईची पाठ होती, दोन झगे, वेणी. तिच्यासमोर कोणी बसलं होतं. मला फक्त गुडघ्यापासून खालचं दिसत होतं. विजार पोटरीपर्यंत भिजलेली, कडेवरून पाणी टपकत होतं. चूल इतकी जवळ असून ते वाळत नव्हतं.

"आई, बाहेर ये."

"सूप गरम आहे, लेका," ती न वळता म्हणाली. "तुला बोलायचंय ते बोल."

मी बोललो. तोंड भोकाला लावून, लहान पोरासारखं. "मी त्याला पाहिलं होतं, आई. टोपी ओळखली होती. वाल्दोने विचारलं आणि मी नको म्हणालो. तो किनाऱ्यावर गेलाच नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो."

आत पळीचा आवाज थांबला.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन तू जेवला नाहीस. तू ताट टाकणारा नव्हेस. मी वाट बघत होते, आज बोलेल, उद्या बोलेल. त्याच दिवशी बोलला असतास तर मी वर गेले असते, नासारिओ. तेव्हा माझे गुडघे चांगले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मला आत घे," मी म्हणालो. मी ते आईला म्हणालो नव्हतो.

भिजलेले पाय उठले. दोन पावलं ऐकू आली, मग भोकातला उजेड गेला. एक हात बाहेर आला. मनगटावरच्या केसांत गारा होत्या, वितळत नव्हत्या. हात चाचपडला, माझ्या बोटांपाशी आला, क्षणभर त्यांवर थांबला. आणि मग माझ्या हातातला दगड त्याने काढून घेतला, ओढून नाही, आपण एखाद्याच्या हातातलं ओझं घेतो तसा. आत नेला आणि भोकात बसवला, हळूहळू फिरवत, कड जुळेपर्यंत.

वाल्दो हॉर्न वाजवत होता. वरती, भिंतींच्या टोकाशी, गवत सरकल्याचा आवाज झाला, आणि आत छप्पर चढवतानाचं गाणं सुरू झालं. आधी आईने धरलं, मग त्याने. त्या गाण्यात तिसरी ओळ थोरल्या भावाची असते, तो खालून गवताचा भारा वर देताना ती म्हणतो. मी भिंतीला कपाळ टेकून उभा होतो. मला ती ओळ पाठ होती, मी तोंडही उघडलं. ते दोघं दुसऱ्या ओळीवरून चौथीवर गेले, मधे श्वासही न घेता.